डोळे मिटलेल्या देहापुढे

नागपुरात प्रताप नगर, रामनगर या भागांत पहाटेचे योगवर्ग भरतात. जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ रामनगरातच असल्याने इथल्या लोकांना त्याची जुनी सवय आहे. वर्गाच्या शेवटी शवासन होतं. निवृत्त कारकून, शिक्षिका, गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी, सगळे ओळीने सतरंजीवर उताणे पडतात. पाय किंचित फाकलेले, तळवे वर, डोळे मिटलेले. हठयोगप्रदीपिकेने या आसनाचं फळ मोजक्या शब्दांत सांगितलं आहे: थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो. म्हणजे पडलेल्याला काय मिळतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पण त्या वेळी उभं राहून त्यांच्याकडे बघणाऱ्याचं काय? पडलेल्या, डोळे मिटलेल्या, आपल्या नजरेला नजर न देणाऱ्या माणसाकडे बघण्यात काही धर्म आहे का, की तो नुसता आगाऊपणा आहे? हा प्रश्न कलादालनात येतो तेव्हा जास्त अडचणीचा होतो. आठ-दहा फूट लांबीच्या कागदावर चारकोलने काढलेला आडवा मानवी देह भिंतीवर लावला, तर आपल्याकडचा प्रेक्षक एक तर लाजतो, नाहीतर ‘अ‍ॅनॉटॉमी छान जमली आहे’ असं म्हणून पुढे सरकतो. तिसरं काही करता येतं, आणि ते तिसरं काही मूलतः धार्मिक आहे, असं मला म्हणायचं आहे.

त्या तिसऱ्याची सवय आपल्याला का नाही, हे आधी बघू. महाराष्ट्राच्या भक्तीचा डोळा उभ्या देहावर पोसलेला आहे. आषाढ शुद्ध एकादशी ही शास्त्राप्रमाणे देवशयनी. त्या दिवशी विष्णू चार महिन्यांसाठी निजतो. आणि नेमक्या त्याच दिवशी लाखो माणसं पंढरपुरात जातात ती विटेवर उभ्या असलेल्या देवाला भेटायला. एवढंच नव्हे, यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग शेजघरातून काढून ठेवतात, शेजारती बंद होते, देवाच्या पाठीशी टेकायला लोड देतात आणि चोवीस तास दर्शन चालू राहतं. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा घालवतात आणि मग कुठे पलंग परत आत येतो. पंचांग म्हणतं निजा, भक्त म्हणतात उभे राहा. आणि देव भक्तांचं ऐकतो. या लाडक्या हट्टामागे एक ठाम कल्पना आहे. दर्शन म्हणजे दोघांचा व्यवहार. मी देवाला बघतो ते देवाने मला बघावं म्हणून. निजलेल्या देवाकडून ही परतफेड होणार नाही, म्हणून त्याला निजू द्यायचं नाही. यात काही चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण बघण्याचं मोल बघितलं जाण्यात आहे, अशी एकदा सवय लागली की न बघणाऱ्या देहापुढे आपण गोंधळतो. तो देह मग आपल्यासाठी रुग्णालयात नाहीतर तिरडीवरच उरतो, आणि तिथेही आपण फार वेळ बघत नाही.

याच मातीत एक निराळी शाळा पंधरा शतकांपूर्वी होऊन गेली. अजिंठ्याचं सव्वीस क्रमांकाचं लेणं हे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं चैत्यगृह. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने ते करवून घेतलं. दर्शनी भागावरच्या शिलालेखात अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याचाही उल्लेख आहे. आत गेल्यावर समोर स्तूप दिसतो आणि बहुतेक लोक त्याच्याकडेच चालू लागतात. पण प्रदक्षिणेच्या रीतीने स्तूप उजव्या हाताला ठेवून निघालं तर आपण डाव्या पाखेत शिरतो, आणि भिंतीवर महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुरू होतो. ‘सुरू होतो’ हेच क्रियापद बरोबर आहे, कारण तो एका नजरेत मावत नाही. सुमारे सात मीटर लांबीचा देह उजव्या कुशीवर निजलेला, उजवा तळवा गालाखाली, डोळे मिटलेले. पाख अरुंद, मागे हटावं तर खांब. आधी डोकं आणि उशी येते, मग खांदा, अंगाला चिकटलेल्या चीवराच्या चुण्या, कमरेवरून गेलेला लांब डावा हात, मग गुडघ्यांचा हलका बाक आणि सगळ्यात शेवटी एकावर एक ठेवलेली पावलं. मंचकाखाली शोक करणारे शिष्य दाटीने बसले आहेत. एकाने गालाला हात लावला आहे. वरच्या बाजूला देवगण आहेत, त्यांना दुःख झालेलं दिसत नाही. बघणारा उंचीने खालच्या ओळीत येतो. शिल्पकाराने त्याला कुठे बसवायचं ते ठरवून ठेवलं आहे.

हा बुद्ध कोणाकडे बघत नाही. त्याच्यापुढे नवस बोलायची सोय नाही, कारण ऐकणारा गेला आहे. महापरिनिब्बाणसुत्तात ऐंशी वर्षांचा बुद्ध कुशीनगरला दोन शालवृक्षांमध्ये, उत्तरेला डोकं करून पडतो, आणि पडल्यावरही कुणाला काही शंका असतील तर विचारा म्हणतो. कुणी विचारत नाही. त्यानंतर जे उरतं ते केवळ बघणाऱ्याच्या बाजूचं. माझ्या मते शिल्पाच्या आकाराचं कारण इथे आहे. थोर माणूस म्हणून मोठा काढला, हे उत्तर पुरेसं नाही. थोरवी दाखवायला बसलेला, उपदेश करणारा बुद्ध मोठा काढता आला असता, आणि इतरत्र काढलाही आहे. आडवा देह मोठा केल्याने चालणं भाग पडतं. अवयवामागून अवयव, एकेका जागी थांबत, सगळं एकदम कवेत घेण्याचा मोह सोडून बघावं लागतं. सतिपट्ठानसुत्तात कायेचं अनुपश्यन असंच भागाभागाने सांगितलं आहे. लेण्याची वास्तू ते पायांकडून करवून घेते.

इथे कुणी म्हणेल, निजलेला देव हिंदूंकडेही आहे आणि तोही भव्य आहे. आहेच. तिरुअनंतपुरमचा पद्मनाभ अठरा फुटांचा, आणि त्याचं दर्शन तीन दारांतून तीन तुकड्यांत होतं: एका दारातून मुख, मधल्यातून नाभी, तिसऱ्यातून पाय. एकदम न दिसण्याची युक्ती तीच. फरक असा की त्या देवाची झोप योगनिद्रा आहे. नाभीतून कमळ आणि त्यावर ब्रह्मदेव आलेला आहे, जग चालू आहे, आणि भक्ताला खात्री आहे की मिटल्या डोळ्यांमागून तो आपल्याला ओळखतो. परतफेड थांबलेली नाही, लांबणीवर पडली आहे एवढंच. आणखी एक टोक नागपूरच्या जवळच सापडलं. रामटेकच्या अलीकडे मनसरला हिडिंबा टेकडीच्या उत्खननात वाकाटक काळातल्या बांधकामाच्या पोटात चुन्या-मातीची एक मोठी पुरुषाकृती मिळाली. कुणी तिचा संबंध पुरुषमेधाशी लावला, कुणी वास्तुपुरुषाशी. ते काहीही असो, ती आकृती कुणी बघावी म्हणून केलेली नव्हती. वर बांधकाम चढवून कायमची झाकण्यासाठी होती. म्हणजे एकीकडे आपल्याला बघणारा देव, दुसरीकडे कुणीच न बघायचा पुरुष. अजिंठ्याचा बुद्ध या दोहोंच्या मधला आहे आणि म्हणूनच अवघड आहे: तो दिसतो, पण परत बघत नाही.

आता चारकोलकडे येऊ. द्राक्षवेलीच्या किंवा विलोच्या काड्या हवा न लागू देता भाजल्या की ही कांडी तयार होते. पूर्ण जळलं असतं तर राख झाली असती. आग मध्येच अडवल्यामुळे रेघ ओढता येते. चितेच्या आठवणीने इथे भावुक होण्याचा मोह होतो, पण मला या साधनाची दोन कोरडी वैशिष्ट्यं जास्त महत्त्वाची वाटतात. एक, ते कागदाच्या पोतावर नुसतं बसलेलं असतं, आत शिरत नाही. फिक्सेटिव्ह मारेपर्यंत बाहीचा ओझरता स्पर्शही मांडीची कड पुसून टाकतो. दोन, ते पुसलं तरी पुरतं जात नाही. पुट्टी रबराने काढलेली चुकीची रेघ करड्या सावलीसारखी मागे राहते, आणि नव्या रेघेशेजारी जुनी दिसतच राहते. या दोन गोष्टींमुळे चारकोलमध्ये देह निश्चित करून टाकता येत नाही. तो सारखा शोधावा लागतो, आणि शोधल्याच्या खुणा लपत नाहीत.

कागद माणसापेक्षा मोठा झाला की आणखी एक गोष्ट घडते. मनगटाने काढणं संपतं, खांद्याने काढावं लागतं. डाँकीवर, म्हणजे चित्रकाराच्या बाकड्यावर, बसून होणारं हे काम नाही. भिंतीवर ताणलेल्या कागदासमोर चित्रकार डोक्यापासून पावलांपर्यंत येरझाऱ्या घालतो. बरगडीजवळ उभा असताना त्याला पावलं दिसत नाहीत, आणि सगळं बघायचं तर मागे जावं लागतं; मागे गेल्यावर काढता येत नाही. समोर मॉडेल पडलेलं असतं. लाइफ क्लासमध्ये दीर्घ अभ्यासासाठी आडवी पोझ घेतात ती तिच्यात जास्त वेळ टिकता येतं म्हणून. पण टिकतं म्हणजे स्थिर राहतं असं नाही. श्वासागणिक पोटाची कड वर-खाली होते, डोक्याखाली घेतलेल्या हाताला मुंग्या येतात, विश्रांतीनंतर व्यासपीठावरच्या खडूच्या खुणांवर देह परत ठेवला तरी नितंबाचा कोन थोडा बदललेला असतो. जिवंत माणूस निश्चल पडला तरी किती हलतो, हे ज्याने असं रेखाटन केलं त्यालाच कळतं. भागाभागाने, चालत, परत परत दुरुस्त करत आणि समोरच्याकडून काहीही न मागता केलेलं हे बघणं लेण्याच्या पाखेत घडतं त्याच जातीचं आहे, असा माझा दावा आहे. त्यासाठी चित्राचा विषय बुद्ध असावा लागत नाही. चित्रकाराची श्रद्धा कशावर आहे, हेही विचारायचं कारण नाही.

दाव्याला बाहेरचा आधारही आहे. १५ जानेवारी १९१९ ला बर्लिनमध्ये साम्यवादी पुढारी कार्ल लिब्क्नेश्टची हत्या झाली, तेव्हा घरच्यांच्या विनंतीवरून चित्रकार केटे कोलवित्झ शवागारात गेली आणि तिने त्याचा मृतदेह रेखाटला. ती त्याच्या पक्षाची नव्हती. त्या रेखाटनांवरून तिने आधी इतर मुद्रणपद्धती करून पाहिल्या आणि १९२० मध्ये लाकडी ठशात काम पुरं केलं: खाली आडवा देह, वर वाकलेले कामगार. खालचा देह काहीच करत नाही. जे काही घडतं ते वाकलेल्यांच्या चेहऱ्यांत. जोहान्सबर्गचा विल्यम केंट्रिज चारकोलची चित्रं काढत, पुसत, त्यांचे चित्रपट करतो. १९९४ च्या ‘फीलिक्स इन एक्झाइल’मध्ये माळरानावर पडलेली प्रेतं वर्तमानपत्रांनी झाकली जातात आणि हळूहळू जमिनीत मिसळून जातात. पण चारकोल पुरता पुसला जात नाही, त्यामुळे पडलेल्याची करडी सावली जमिनीत राहतेच. वर्णभेदी राजवटीच्या बळींना विसरून नवा देश उभा राहू नये, ही नैतिक मागणी तिथे साधनाच्या स्वभावातून पुढे येते. ‘हे नुसतं तंत्र आहे, त्याला धर्माचं लेबल कशाला’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. जपमाळ हेही तंत्रच आहे. प्रश्न असतो तो त्या तंत्राने माणसाकडून काय करून घेतलं जातं याचा.

सगळ्यात जड आक्षेप मात्र वेगळाच आहे. परत न बघणाऱ्या देहाकडे टक लावून बघणं, ही तर फटीतून डोकावणाऱ्याची नजर. समोरचा बघत नाही याची खात्री असते म्हणूनच त्याला धैर्य येतं. तुम्ही ज्याला निष्काम बघणं म्हणता ते कामुक बघण्यापासून वेगळं कसं ओळखायचं? आणि कलेच्या इतिहासात आडवी निजलेली नग्न स्त्री ही बहुतेक वेळा कुणा पुरुषाच्या दिवाणखान्यासाठी काढलेली होती, हे कसं विसरायचं? विसरायचं नाहीच. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० च्या आसपास, लाइफ क्लास सुरू झाला, आणि शंभर वर्षांनीही आपला गोंधळ संपलेला नाही. मॉडेलच्या बाजूने गोष्ट सांगणारा रवी जाधव यांचा ‘न्यूड’ २०१७ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून वगळला गेला आणि २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. सीमाशुल्क खात्याने अडकवलेली सूझा आणि पदमसी या चित्रकारांची चित्रं ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सोडवली. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, एवढं न्यायालयाला सांगावं लागलं. निकाल योग्य आहे, पण तो माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. अश्लील नसणं म्हणजे धार्मिक असणं नव्हे.

फरक ओळखण्याची एक कसोटी मला दिसते. डोकावणाऱ्याला पटकन हवं असतं आणि हवं तेवढंच हवं असतं. बाकीचा देह त्याच्या लेखी अडगळ. मोठ्या कागदावरच्या आडव्या देहात टाच, कोपर, पोटावरची जुनी शस्त्रक्रियेची खूण, पलंगाच्या कडेने दबलेली दंडाची त्वचा यांना तितकीच जागा मिळते जितकी इतर कशालाही. वासनेला हा वेळ परवडत नाही. तरीही मी कबूल करतो की ही कसोटी चित्राला लागू होते, चित्रकाराच्या मनाला नाही. मनात काय होतं हे कळायला मार्ग नाही. आणि ज्या बाईला घरखर्चासाठी तासांवर पैसे घेऊन पडून राहावं लागतं, तिच्या दृष्टीने बघणाऱ्याची निष्कामता हा फार नंतरचा प्रश्न आहे. आधीचा प्रश्न मजुरीचा, खोलीतल्या थंडीचा आणि दार नीट लागतं की नाही याचा. धार्मिक दावा करणाऱ्याने हे टाळलं तर दावा पोकळ ठरतो.

दुसरा आक्षेप खास नागपूरचा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. प्रताप नगरापासून दीक्षाभूमी दूर नाही. तिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेत जे घडलं ते उभ्या माणसांचं होतं. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसल्यामुळे सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा नाकारली, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलंच नव्हतं, हे त्यांना पटत नव्हतं. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये झालेला तंटा पुढे आणला. कामठी रोडवरच्या नागलोक या बौद्ध संस्थेत उभारलेला मोठा बुद्धही चालणारा आहे. मग निजलेल्या देहापुढे थांबायला सांगणं म्हणजे धम्माला परत स्मशानात नेणं नव्हे काय?

नव्हे, असं मला वाटतं, आणि त्याचा पुरावा नागपूरच्या दीक्षेला आठ आठवडे व्हायच्या आतच मिळतो. ६ डिसेंबरला दिल्लीत, झोपेतच, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. देह मुंबईला राजगृहावर आणला. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी, चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड समुदायाला धम्मदीक्षा दिली. मुंबईतली दीक्षा बाबासाहेब स्वतः देणार होते. ते आता आडवे होते, डोळे मिटलेले. त्या देहाकडून काहीही परत मिळणार नव्हतं, आशीर्वादही नाही. बघणाऱ्यांनी जे ठरवलं ते त्यांचं स्वतःचं होतं. बुद्धाने स्वतःला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटलं, हा फरक आंबेडकरांनी आवर्जून मांडला आहे. देणारा कुणी नाही हे मान्य केल्यावरचं बघणं कसं असतं, ते त्या दिवशी दिसलं. म्हणून निजलेला बुद्ध आणि चालणारा बुद्ध यांत मला विरोध दिसत नाही. निजलेल्यासमोर उभ्या माणसाला स्वतःच चालायचं असतं. मृत्यूच्या दर्शनाने संन्यास घ्यावा, ही जुनी कथा आंबेडकरांनी नाकारली ते योग्यच. त्या दर्शनाने जबाबदारी घ्यावी, हे त्यांच्याच अनुयायांनी करून दाखवलं.

वेदान्ताकडून येणारा आक्षेप, की देह म्हणजे आत्मा नव्हे, मग त्याच्यावर एवढं लक्ष कशाला, मी थोडक्यात निकालात काढतो. देह तुच्छ आहे असं म्हणणाऱ्या परंपरेनेच देवाच्या दगडी देहाला रोज न्हाऊ घातलं आहे, पंचामृत, उटणं, गरम पाणी, सगळं. तेव्हा देहाकडे लक्ष द्यायचं की नाही हा वाद कधीच नव्हता. कुणाच्या देहाकडे, एवढाच होता.

म्हणून चित्रकला महाविद्यालयांना आणि कलादालनांना, विशेषतः नागपूरमधल्यांना, माझं सांगणं साधं आहे. लाइफ क्लासमधली मोठी रेखाटनं कुणाच्या तरी भीतीने कपाटात गुंडाळून ठेवू नका. लांब भिंत असलेली खोली शोधा, प्रेक्षकाला समोरून चालत जाता येईल एवढी जागा सोडा, आणि ती लोकांना दाखवा. मात्र आधी मॉडेलला विचारा, योग्य मानधन द्या, आणि त्या व्यक्तीची हरकत नसेल तर चित्राखाली चित्रकाराच्या शेजारी तिचंही नाव लिहा. अजिंठ्याच्या लेखात दानकर्त्याचं नाव आहे, मंत्र्याचं आहे. बुद्धाचा तो लांब हात ज्यांनी कोरला त्यांची नावं नाहीत. ती चूक आपल्याला टाळता येण्यासारखी आहे.